साचा नेमका, सांधा पक्का

धान्याची पेटी असो, कोंबड्यांचे खुराडे असो की मधमाशीची पेटी असो, लाकडी वस्तू आपल्याकडे फळीत मोडत नाही, ती सांध्यात मोडते. फळी वर्षानुवर्षे शाबूत राहते. पण कोपऱ्यात ठोकलेला खिळा एका पावसाळ्यात गंजतो, दुसऱ्या पावसाळ्यात हलतो आणि तिसऱ्या पावसाळ्यात कोपरा तोंड वासतो. मग आपण शेजारी आणखी दोन खिळे मारतो, त्याने फळी चिरते आणि चांगली पेटी चुलीत जाते.

जुन्या सुतारांनी हे कधी केले नाही. ते फळीला खाच पाडत, दुसरी फळी त्या खाचेत बसवत आणि मग लागलाच तर एखादा खिळा मारत. वजन खाच पेलते, खिळा फक्त जागेवर धरून ठेवतो. पण पटाशीने सरळ, सारख्या खोलीची खाच पाडणे हे दहा वर्षांच्या हाताचे काम. तो हात आज गावात मिळणे अवघड झाले आहे. बलुतेदारी गेली, सुताराची मुले शहरात फर्निचरच्या कामावर गेली. पेटीचा कोपरा सुटला तर शेतकऱ्याने कोणाकडे जायचे?

दुसरीकडे बघा. शहरात कामाला गेलेली हीच मुले परत येताना सोबत एक छोटे यंत्र घेऊन येतात. त्याला ट्रिमर म्हणतात, त्याच्या मोठ्या भावाला राऊटर. पात्याचे टोक, म्हणजे बिट, मिनिटाला सुमारे ३०,००० फेरे घेते आणि लाकूड लोण्यासारखे कापते. अडचण एकच आहे. यंत्राला सरळ जाणे ठाऊक नाही. नुसते हातात धरून फिरवले तर ते बाजूला ओढ घेते आणि खाच सापासारखी वळते. त्याला वाट दाखवणारा साचा लागतो. हा साचा प्लायच्या पाच तुकड्यांतून, एका दुपारी, घरच्या घरी कसा करावा, ते या लेखात सांगायचे आहे.

पावणे गावाचा दाखला

साच्याची कल्पना आपल्या भागाला नवी नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे पावणे गाव घ्या. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि खाडीकाठच्या या पट्ट्यात टी.टी.सी. औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. १९७० साली सिडको आली. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. ज्या घरांत नांगर होता, त्या घरांतली पुढची पिढी कारखान्यात गेली. आय.टी.आय. झालेल्या कोणत्याही फिटरला 'जिग' विचारा. शंभर पट्ट्यांना एकाच जागी भोक पाडायचे असेल तर तो शंभर वेळा माप घेत नाही. एकदा जिग करतो, पट्टी तिच्यात ठेवतो आणि भोक पाडतो. माप जिगमध्ये राहते, कामगार बदलला तरी काम बदलत नाही.

लोखंडाला जे लागू, तेच लाकडाला लागू. आपला जुना सुतारसुद्धा खिडकीचे गज बसवताना प्रत्येक वेळी पट्टी लावत नसे, मापाची एक काडी कापून ठेवत असे. ती काडी म्हणजे साचाच.

पावण्यासारख्या औद्योगिक पट्ट्यातून आपल्याला आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे लाकूड. यंत्रे आणि सुटे भाग ज्या खोक्यांतून व पॅलेटवरून येतात, त्यांचे लाकूड बहुधा पाइनचे असते. माल उतरला की ते भंगारात जाते. या फळ्या हलक्या आणि कापायला सोप्या असतात. मात्र त्यांची जाडी एकसारखी नसते. एक फळी सहा सूत, दुसरी साडेसहा, तिसरी सात. तयार मापाची खाच पाडली तर एक फळी आत खुळखुळते आणि दुसरी आत जातच नाही. म्हणून आपल्याला असा साचा हवा की जो फळीची जाडी स्वतः फळीकडूनच घेईल. पुढे सांगितलेला साचा नेमके हेच करतो.

लाकूड निवडताना शिक्का बघा

भंगारातले सगळेच लाकूड घरात आणण्याजोगे नसते. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या लाकडी खोक्यांसाठी २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला. त्यानुसार प्रक्रिया केलेल्या लाकडावर गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह आणि त्याशेजारी इंग्रजी अक्षरे असतात. पहिली दोन अक्षरे देशाची असतात, भारतासाठी 'आय एन'. पुढे प्रक्रियेची दोन अक्षरे येतात. 'एच टी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले आहे. ते घ्यावे. 'एम बी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते धान्य, खाद्य, कोंबड्या किंवा मधमाशी यांच्या जवळपासही वापरू नये.

शिक्का चांगला असला तरी एक गोष्ट तो सांगत नाही. त्या फळीवर पुढे काय सांडले हे शिक्क्यावर लिहिलेले नसते. औद्योगिक पट्ट्यात रसायनांचे कारखानेही आहेत. म्हणून डाग पडलेले, तेलकट, उग्र वासाचे किंवा रंग चढलेले लाकूड फुकट मिळाले तरी नाकारावे. असे लाकूड चुलीतही घालू नये, त्याचा धूर वाईट. कशाची वाहतूक झाली ते सांगू शकेल अशाच ठिकाणाहून लाकूड घेतलेले बरे.

घरी आणल्यावर सगळे खिळे काढावेत. डोक्याशिवाय आत राहिलेला खिळा डोळ्याला दिसत नाही, त्यासाठी जुन्या स्पीकरचे लोहचुंबक फळीवरून फिरवावे. बिटाखाली खिळा आला तर बिट तुटून उडते. त्यानंतर फळ्या सावलीत, मध्ये काड्या घालून, दोन-तीन आठवडे रचून ठेवाव्यात. ओल्या फळीचा सांधा सुकल्यावर ढिला होतो.

साहित्य

साच्यासाठी पुढील वस्तू जमवाव्यात. फर्निचरवाल्याकडे पडलेले प्लायचे तुकडे चालतील, पण ते वाकलेले नकोत.

तळपट्ट्या : ६ मि.मी. प्लायचे दोन तुकडे, प्रत्येकी २४ इंच लांब व ६ इंच रुंद.

कठडे : १८ मि.मी. प्लायच्या दोन पट्ट्या, २४ इंच लांब व २ इंच रुंद. यांची एक कड अगदी सरळ हवी. प्लायवर कारखान्यात कापलेली मूळची कड असते, ती या कामाला उत्तम.

टेकण : १८ मि.मी. प्लायची एक पट्टी, १४ इंच लांब व २ इंच रुंद.

याशिवाय पाऊण इंची स्क्रू दहा-बारा, दीड इंची स्क्रू दोन, लाकडाचा गोंद, गुण्या, चार शिकंजे आणि ६ मि.मी. चे सरळ बिट. शिकंजे चार नसतील तर दोघा शेजाऱ्यांनी मिळून जमवावेत, पण चारांच्या जागी दोनांवर भागवू नये.

यंत्र मोठे असेल तर तळपट्टीची रुंदी तपासून घ्यावी. यंत्राच्या बुडाची अर्धी रुंदी, त्यात कठड्याचे २ इंच आणि वर एक इंच, एवढी तळपट्टी रुंद हवी. साध्या ट्रिमरला ६ इंच भरपूर होतात.

साचा असा करावा

पहिले काम. प्रत्येक तळपट्टीच्या एका लांब कडेला कठडा ठेवावा. कठड्याची सरळ कड आतल्या बाजूला, म्हणजे तळपट्टीच्या मोकळ्या भागाकडे यावी. गोंद लावून, खालच्या बाजूने पाऊण इंची स्क्रू मारून पक्का करावा. स्क्रूची डोकी प्लायच्या आत बुडाली पाहिजेत, नाहीतर साचा फळीवर डगमगेल. दोन्ही भाग तयार झाले की एकावर 'डावा' आणि दुसऱ्यावर 'उजवा' असे लिहावे. गोंद रात्रभर सुकू द्यावा.

दुसरे काम. हीच साच्याची खरी गोम आहे. एक टाकाऊ फळी टेबलावर ठेवून तिच्यावर डावा भाग असा ठेवावा की कठडा आपल्या डाव्या हाताला येईल. दोन्ही टोकांना शिकंजे लावावेत. यंत्राचे बुड कठड्याला चिकटवून यंत्र आपल्यापासून पुढे ढकलत न्यावे. एका दमात सगळी खोली कापू नये, दोन फेऱ्यांत कापावी. बिट तळपट्टीचा पलीकडचा भाग कापून वेगळा करील. आता जी कड उरली, ती बिट नेमके कुठे कापते ते दाखवणारी कड झाली. यापुढे यंत्राच्या बुडाचे माप काढायची, अर्धे करायची, त्यातून बिटाची जाडी वजा करायची गरजच उरत नाही. कड जिथे ठेवाल तिथे खाचेची भिंत पडेल.

उजव्या भागाचेही असेच करावे, पण कठडा उजव्या हाताला ठेवून आणि यंत्र आपल्याकडे ओढत. यंत्र गोल फिरवून धरू नये. ज्या अंगाने ते डाव्या कठड्याला लागते ते डावे अंग आणि ज्या अंगाने उजव्याला लागते ते उजवे अंग, असे कायम ठेवावे. बिट बुडाच्या अगदी मधोमध असतेच असे नाही. अंग बदलले की खाच अर्धा सूत सरकते. यंत्राच्या बुडावर खडूने एक बाण काढून ठेवला की चूक होत नाही.

तिसरे काम. टेकणाची पट्टी डाव्या भागाच्या खाली, आपल्या बाजूच्या टोकाला, आडवी ठेवावी. तिचे एक टोक कठड्याच्या बाहेरच्या कडेशी आणि बाकीची पट्टी उजवीकडे गेलेली असावी. वरून कठड्यातून एक दीड इंची स्क्रू मारावा. मग गुण्या लावून तळपट्टीची कापलेली कड आणि टेकणाची आतली कड यांच्यात काटकोन बसवावा आणि दुसरा स्क्रू मारावा. दुसरा स्क्रू मारताना पट्टी सरकते, म्हणून मारून झाल्यावर गुण्या पुन्हा लावून बघावा. येथे केसभर फरक राहिला तर पुढे प्रत्येक खाचेत तो फरक येईल. इथे वेळ घालवा, पुढे वेळ वाचेल.

उजवा भाग सुटाच ठेवायचा आहे. साचा तयार झाला.

खाच अशी पाडावी

समजा, कपाटाच्या उभ्या फळीत आडवी फळी बसवायची आहे. उभी फळी टेबलावर आडवी ठेवावी, तिची एक कड टेबलाच्या तीन इंच बाहेर यावी म्हणजे टेकणाला जागा मिळते. डावा भाग फळीवर ठेवून टेकण फळीच्या कडेला घट्ट भिडवावे. खाच जिथून सुरू व्हायची आहे त्या पेन्सिलच्या रेघेवर कापलेली कड आणावी. शिकंजे लावावेत. शिकंज्यांची तोंडे कठड्याच्या बाहेरच्या बाजूने यावीत, यंत्राच्या वाटेत नकोत.

आता जी आडवी फळी खाचेत बसणार आहे तिचेच दोन तुकडे घ्यावेत. ते उभे धरून डाव्या भागाच्या कडेला लावावेत, एक अलीकडच्या टोकाला आणि एक पलीकडच्या. उजवा भाग सरकवत आणून या तुकड्यांना भिडवावा आणि त्यालाही दोन शिकंजे लावावेत. तुकडे काढून घ्यावेत. मधली जी फट राहिली ती फळीच्या जाडीएवढी आहे. पट्टी लावली नाही, सूत मोजले नाही, तरी माप बरोबर आले. सहा सुताची फळी असो की सात सुताची, साचा प्रत्येक वेळी तिला विचारून घेतो.

खोली किती ठेवावी? फळीच्या जाडीचा तिसरा हिस्सा पुरे. २० मि.मी. जाडीच्या फळीला ६ ते ७ मि.मी. यापेक्षा खोल गेलात तर उभी फळी कमजोर होते. बिट बाहेर किती काढायचे ते ठरवताना साच्याची तळपट्टी ६ मि.मी. जाड आहे हे लक्षात ठेवावे. ७ मि.मी. खोल खाचेसाठी बिट एकूण १३ मि.मी. बाहेर हवे. पण पहिल्या फेरीला ९ मि.मी. ठेवावे, म्हणजे लाकडात ३ मि.मी. जाईल. दुसऱ्या फेरीला ११, तिसरीला १३. लहान यंत्राला घाई चालत नाही. त्याचा आवाज बसला किंवा लाकूड काळे पडू लागले तर समजावे की एक तर आपण जास्त खोल चाललो आहोत किंवा बिटाची धार गेली आहे.

यंत्र फिरवण्याची दिशा ठरलेली आहे. पुढे ढकलताना डाव्या कठड्याला धरून जावे, परत ओढताना उजव्या कठड्याला धरून यावे. या दिशेने बिटाची स्वतःची ओढ यंत्राला कठड्यावर दाबून ठेवते. उलट दिशेने गेलात तर तीच ओढ यंत्राला कठड्यापासून दूर खेचते आणि खाच बिघडते, प्रसंगी यंत्र हातातून निसटते. फळी जाड असेल तर दोन्ही भिंतींच्या मध्ये लाकडाची एक वरंबी उरते, ती मधून यंत्र फिरवून काढून टाकावी.

पहिली खाच कायम टाकाऊ फळीवर पाडावी. आडवी फळी हाताने दाबून आत गेली पाहिजे. हातोडी लागली तर खाच अरुंद आहे, उलटी धरल्यावर फळी आपोआप खाली पडली तर खाच रुंद आहे.

पावसाळ्याचा हिशेब

आपल्याकडे एक गोष्ट सोडून चालत नाही. कोकण आणि ठाणे पट्ट्यात मे महिन्यात वाळलेली फळी जुलैत फुगते. लांबीत ती वाढत नाही म्हटले तरी चालेल, पण रुंदीत आणि जाडीत वाढते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेली फळी पावसाळ्यात खाचेच्या भिंती चिरते. म्हणून उन्हाळ्यात साचा लावताना त्या दोन तुकड्यांबरोबर लग्नपत्रिकेच्या जाडीचा एकेक कागद ठेवावा. तेवढी सैल जागा फळीला फुगायला पुरते. पावसाळ्यात काम करत असाल तर कागद नको, उलट फळ्या घरात आठ दिवस ठेवून मगच कापाव्यात.

मधपेटीचे कोपरे

या साच्याचा शेतकऱ्याला सर्वांत जास्त उपयोग कुठे, असे विचाराल तर मी मधमाशीची पेटी सांगेन. १८५१ साली लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या लक्षात आले की चौकटी आणि पेटीची भिंत यांच्यात ठरावीक फट ठेवली तर माश्या ती फट मोकळी ठेवतात आणि चौकटी सुट्या उचलता येतात. आजची सारी पेटी या एका फटीवर उभी आहे. आपल्या सातेरी माशीसाठी ही फट साधारण ८ मि.मी. असते. फट वाढली तर माश्या तिथे वेडेवाकडे पोळे बांधतात, कमी झाली तर त्यांची वाट अडते. दोन्हीमुळे पेटी उघडताना पोळी फाटतात, मध सांडतो आणि वसाहत चिडते. नुसते खिळे ठोकलेली पेटी एका पावसाळ्यात तिरकी होते आणि तिरक्या पेटीत ८ मि.मी. कुठेच राहत नाहीत.

म्हणून कोपऱ्याला पायरीचा सांधा करावा. लांब फळीच्या टोकाला खाच पाडायची, पण ती टोकापर्यंत मोकळी, म्हणजे पायरीसारखी. साच्याची रीत तीच. जी आखूड फळी बसणार तिचा तुकडा लांब फळीच्या टोकाशी बरोबर ठेवावा, त्याच्या आतल्या कडेला डाव्या भागाची कड लावावी. फळीच्या टोकापलीकडे त्याच जाडीची एक टाकाऊ फळी भिडवून ठेवावी आणि तिच्यावर उजवा भाग शिकंज्याने बसवावा, म्हणजे यंत्र टोकावरून खाली कलंडणार नाही. पायरीची खोली फळीच्या जाडीच्या निम्मी ठेवावी.

मापाचा हिशेब सोपा आहे. लांब फळीवरच्या दोन पायऱ्यांच्या आतल्या भिंतींमधले अंतर म्हणजेच पेटीची आतली लांबी. ते थेट आखून घ्यावे. आखूड फळीची लांबी म्हणजे पेटीची आतली रुंदी अधिक दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांची खोली. पायरी १० मि.मी. खोल असेल तर आतल्या रुंदीत २० मि.मी. मिळवावेत. पेटीची नेमकी मापे मनाने ठरवू नयेत. पेट्यांसाठी भारतीय मानक १५१५ आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि राज्य खादी मंडळाचे महाबळेश्वरचे मध संचालनालय या दोन ठिकाणी मार्गदर्शन मिळते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पेट्या वाढल्या की दुरुस्ती वाढते, आणि दुरुस्ती गावातच झाली तर पेटी उन्हात पडून राहत नाही.

सांधे गोंदाने जोडून, कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे आले की पेटी काटकोनात आहे. मग स्क्रू मारावेत. रंग फक्त बाहेरून द्यावा. पेटीच्या आत रंग, वाळवीचे औषध किंवा पॉलिश नको. साच्याचा प्लाय वेगळा आणि पेटीचे लाकूड वेगळे. औषध लावलेला प्लाय पेटीला वापरू नये.

बोटे दहाच आहेत

हे यंत्र दिसायला लहान आहे, म्हणून त्याची भीती वाटत नाही, आणि धोका तिथेच आहे. बिट बदलताना किंवा खोली बदलताना पिन सॉकेटमधून काढून ठेवावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. बिटाची दांडी चकमध्ये पूर्ण घालून मग दोन मि.मी. बाहेर ओढावी आणि पक्की पिळावी. अर्धवट पकडलेले बिट सुटून येते. बिट पूर्ण थांबल्याशिवाय यंत्र खाली ठेवू नये. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच, प्लायची धूळ छातीत बसते. लुंगीचा सोगा, उपरणे, लांब बाही, मोकळी वेणी यांपैकी काहीही यंत्राजवळ नको. फळी गुडघ्याखाली दाबून काम करू नये, शिकंजे त्यासाठीच आहेत. वायर जोडाची, टेप गुंडाळलेली नसावी. घराच्या बोर्डात गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच बसवलेला असावा आणि ओल्या अंगणात उभे राहून यंत्र चालवू नये. बघायला जमलेल्या मुलांना दूर बसवावे.

गावाने काय करावे

सरपंच, सदस्य आणि गावकारभारी यांनाही दोन शब्द. प्रत्येक घरी यंत्र घेण्याची गरज नाही. वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू चार घरांनी किंवा एका बचत गटाने मिळून घ्यावी. साचा मात्र यंत्राबरोबरच ठेवावा. ज्या यंत्राने आणि ज्या बिटाने साच्याची कड कापली, त्याच जोडीला तो साचा बरोबर चालतो. साच्यावर यंत्राचे नाव आणि '६ मि.मी. बिट' असे ठळक लिहून ठेवावे. दुसऱ्या यंत्रासाठी नवा साचा करावा, त्याला लागते काय, प्लायचे पाच तुकडे.

गावात सुतारकाम करणारा कोणी असेल तर पहिला मान त्याचा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात सुतारकाम आहे. प्रशिक्षण, प्रशिक्षण काळातील दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. अर्जदार १८ वर्षांचा पूर्ण असावा आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामान्य सेवा केंद्रातून होते आणि अर्जाची पहिली पडताळणी गावात ग्रामपंचायतीकडे, तर पावण्यासारख्या शहरात गेलेल्या गावात नागरी संस्थेकडे असते. म्हणजे हातोडी धरणारा माणूस खरा आहे की नाही हे आधी आपणच सांगायचे असते. अर्ज पडून राहिला तर त्याची अवजारेही पडून राहतात. चालू नोंदणीची स्थिती केंद्रात विचारून घ्यावी आणि गावातील सुताराला घरी जाऊन सांगावे.

लाकडासाठी झाड तोडायचा विचार असेल तर आधी वन खात्याकडे परवानगीची चौकशी करावी. आपल्या बांधावरचे असले तरी साग, आंबा, जांभूळ यांसारखी झाडे विनापरवाना तोडता येत नाहीत, त्यासाठी १९६४ चा कायदा आहे. भंगारात स्वच्छ लाकूड मिळत असताना उभे झाड पाडण्याची घाई कशाला?

शेवटी एवढेच सांगतो. सुरुवात मधपेटीपासून करू नका. आधी साचा करा, मग टाकाऊ फळीवर चार खाचा पाडा, मग घरातले एक मोडके फडताळ दुरुस्त करा. ते एक पावसाळा टिकले की पेटीला हात घाला. आणि साचा भिंतीला उभा टेकवून ठेवू नका, प्लाय वाकतो. खिळ्याला टांगून ठेवा, पुढच्या वर्षी तोच उपयोगी पडेल.